मौलाना मोहंमद अली यांची मरणोत्तर प्रतिमा : छिंदवाडा ते जेरुसलेम

प्रास्ताविक

प्रस्तुत लेखाचा विषय मौलाना मोहंमद अली 'जौहर' (१८७८–१९३१) यांचे कार्य हा नसून त्यांच्या मृत्यूनंतर त्यांची जी प्रतिमा घडत गेली ती आहे. कार्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. प्रतिमा कोणी घडविली, कशातून घडविली आणि घडविताना काय गाळले, याचा विचार मात्र आपल्याकडे क्वचित होतो. जयंती-पुण्यतिथीच्या भाषणांत तर तो होतच नाही.

हा विषय पांढुर्णा आणि सौंसर येथील अध्यापकांसमोर मांडण्यास दोन कारणे आहेत. पहिले कारण भूगोलाचे. ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला व सौंसर तालुका त्यात आला. तोपर्यंत हे दोन्ही तालुके छिंदवाडा जिल्ह्याचे भाग होते. याच छिंदवाड्यात मोहंमद अली आणि त्यांचे वडील बंधू शौकत अली नोव्हेंबर १९१५ ते जून १९१९ या काळात नजरबंद होते. दुसरे कारण भाषेचे. या पट्ट्यात घरची व बाजारची भाषा मराठी, शाळेची व कचेरीची भाषा बहुतांशी हिंदी, आणि मुस्लिम कुटुंबांत दीनी शिक्षणाची भाषा उर्दू आहे. एकाच वर्गात बसलेल्या विद्यार्थ्यांच्या कानांवर मोहंमद अलींचे नाव तीन भाषांतून येते आणि प्रत्येक भाषेत निराळा माणूस उभा राहतो. उर्दूत तो मिल्लतचा मुजाहिद असतो. हिंदी पाठ्यपुस्तकात तो 'अलीबंधू' या जोडनावाचा अर्धा भाग असतो. मराठी वादविवादात तो बहुधा खिलाफतीच्या चुकीचा आरोपी असतो. तिन्ही प्रतिमांत काही ना काही खरे आहे. पण तिन्हींत माणूस अपुरा आहे. तो अपुरा का राहिला, हे पाहणे हा या लेखाचा हेतू.

छिंदवाडा : प्रतिमेची पहिली घडण

मरणोत्तर प्रतिमा कोऱ्या कागदावर उमटत नाही. नेता हयात असतानाच तिचा कच्चा माल तयार होतो. मोहंमद अलींच्या बाबतीत हा माल छिंदवाड्यात तयार झाला, असे म्हणण्यास आधार आहे.

नजरबंदीपूर्वीचे मोहंमद अली कोण होते? अलीगढचे विद्यार्थी, ऑक्सफर्डच्या लिंकन कॉलेजचे पदवीधर, काही वर्षे सयाजीराव गायकवाडांच्या बडोदा संस्थानात नागरी सेवेत असलेले अधिकारी आणि १९११ साली कलकत्त्यात सुरू झालेल्या 'कॉम्रेड' या इंग्रजी साप्ताहिकाचे संपादक. १९१३ मध्ये दिल्लीहून त्यांनी 'हमदर्द' हे उर्दू दैनिक काढले. त्यांचा पोशाख विलायती होता व लेखणी विनोदाकडे झुकणारी होती. बडोद्याची नोकरी हा त्यांच्या आयुष्यातला मराठी माणसाला जवळचा वाटावा असा भाग. पण तो आपल्या मराठी लेखनात अभावानेच आढळतो.

पहिल्या महायुद्धात तुर्कस्तान ब्रिटनच्या विरुद्ध उतरले. तुर्कांविषयीच्या लेखामुळे 'कॉम्रेड'चा जामीन जप्त झाला आणि मे १९१५ मध्ये दोघे बंधू नजरबंद झाले. प्रथम मेहरौली, नंतर लॅन्सडाउन आणि शेवटी छिंदवाडा. येथे त्यांनी कुरआनचा अर्थासह सलग अभ्यास केला, हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. येथेच विलायती पोशाख मागे पडला, दाढी आली. पुढे चंद्रकोरीची टोपी आणि लांब झगा घातलेले जे छायाचित्र सर्वत्र लागले, त्या छायाचित्राची तयारी छिंदवाड्यात झाली. कोणत्याही मदरशाची सनद नसलेला ऑक्सफर्डचा पदवीधर 'मौलाना' म्हणून लोकांसमोर आला तो या नजरबंदीनंतर.

माणूस दृष्टीआड असला की त्याची प्रतिमा मोठी होते, याचा अनुभव याच काळात आला. डिसेंबर १९१७ मध्ये कलकत्त्याच्या अधिवेशनासाठी मुस्लिम लीगने मोहंमद अलींना अध्यक्ष निवडले. ते छिंदवाड्यात अडकलेले. म्हणून अध्यक्षाच्या खुर्चीवर त्यांची तसबीर ठेवण्यात आली. त्यांच्या वृद्ध मातोश्री बी अम्मा तेथे हजर होत्या. त्याच वेळी तेथे भरलेल्या काँग्रेस अधिवेशनात बंधूंच्या सुटकेचा ठराव आला आणि त्यावर लोकमान्य टिळक बोलले. मृत्यूला अजून तेरा वर्षे होती. तरी खुर्चीवर माणसाऐवजी तसबीर बसली होती. पुढच्या काळात जे घडले त्याची ही नांदीच म्हणावी लागेल.

छिंदवाड्याच्या आठवणीतून एक नाव मात्र निसटले आहे. येथील घाटे नावाचे वकील अलीबंधूंचे कायदेविषयक सल्लागार होते. गांधीजींनी बंधूंच्या प्रकरणी त्यांच्याशी पत्रव्यवहार केला होता व ती पत्रे गांधीजींच्या संकलित वाङ्मयात आहेत. म्हणजे मोहंमद अली आणि गांधीजी यांच्यातील दुव्यांपैकी एक दुवा छिंदवाड्याचा मराठी वकील होता. आपल्या उर्दू जलशांत घाटेंचा उल्लेख होत नाही आणि मराठी स्थानिक इतिहासातही होत नाही. दोन्ही समाजांनी मिळून हा माणूस विसरला आहे.

सहीची गोष्ट

स्मरणसभांत हमखास सांगितली जाणारी एक कथा अशी : सरकारने सुटकेसाठी हमीपत्र पुढे केले, बंधूंनी ते धुडकावून लावले. कथा ऐकायला चांगली आहे. पण घडले ते अधिक गुंतागुंतीचे होते. १९१७ मध्ये सरकारचा माणूस हमीपत्राचा मसुदा घेऊन आला, तेव्हा बंधूंनी सहीला सरळ नकार दिला नाही. इस्लामवरील आपल्या निष्ठेला बाधा न येता, अशी पुस्ती जोडून ते सहीस राजी झाले. सरकारला ती पुस्ती मानवली नाही आणि नजरबंदी चालू राहिली. पुढे १९१९ मध्ये त्यांनी व्हाइसरॉयला कडक पत्र लिहिले व त्यांची रवानगी बैतूलच्या तुरुंगात झाली. डिसेंबर १९१९ मध्ये सुटका झाल्यावर ते तडक अमृतसरच्या काँग्रेस अधिवेशनाला गेले.

मूळ घटना सांगितल्याने मोहंमद अलींची उंची कमी होत नाही. उलट, सुटका हाताशी आलेली असताना एका वाक्याच्या पुस्तीसाठी आणखी दोन वर्षे बंदिवास पत्करणारा माणूस समोर येतो. नकाराच्या कथेत फक्त आवेश दिसतो. पुस्तीच्या कथेत विचार दिसतो, तडजोडीची तयारी दिसते आणि तडजोडीची मर्यादाही दिसते. वर्गात शिकविण्यासारखी गोष्ट ही दुसरी आहे. तरीही जलशात पहिलीच चालते, कारण ती टाळ्यांच्या सोयीची आहे.

गाळलेला आरोपी

प्रतिमा घडविण्याची सर्वांत सोपी रीत म्हणजे सोबतची माणसे कापून टाकणे. याचे ठळक उदाहरण कराचीच्या खटल्याचे.

जुलै १९२१ मध्ये कराचीच्या खिलाफत परिषदेत ठराव झाला की, ब्रिटिश सैन्यात नोकरी करणे मुसलमानांना धर्मदृष्ट्या निषिद्ध आहे. त्यावरून खालिकदिना हॉलमध्ये सात जणांवर खटला चालला. मोहंमद अली, शौकत अली, मौलाना हुसेन अहमद मदनी, डॉ. सैफुद्दीन किचलू, पीर गुलाम मुजद्दिद, मौलाना निसार अहमद आणि सातवे शारदापीठाचे शंकराचार्य भारती कृष्णतीर्थ. १ नोव्हेंबर १९२१ रोजी सहा जणांना दोन वर्षांची शिक्षा झाली, शंकराचार्य सुटले.

खिलाफतीच्या खटल्यात आरोपीच्या पिंजऱ्यात शंकराचार्य उभे होते, ही गोष्ट आज किती विद्यार्थ्यांना ठाऊक आहे? उर्दू स्मरणात हा खटला उलेमांच्या धैर्याचा खटला म्हणून राहिला. मराठी-हिंदी वादात खिलाफत ही केवळ मुसलमानांची परदेशनिष्ठ चळवळ म्हणून राहिली. दोन्ही कथांना शंकराचार्य अडचणीचे आहेत. म्हणून दोन्ही कथांनी त्यांना वगळले.

शंकराचार्यांची स्वतःची मरणोत्तर प्रतिमाही याच प्रश्नाची दुसरी बाजू दाखविते. १९२५ पासून ते पुरीच्या गोवर्धन पीठावर होते. १९५३ मध्ये त्यांनी नागपुरात विश्व पुनर्निर्माण संघाची स्थापना केली आणि १९६० मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांचे 'वैदिक गणित' हे पुस्तक १९६५ मध्ये, म्हणजे निधनानंतर प्रसिद्ध झाले. आज स्पर्धा परीक्षांच्या शिकवणीला जाणारा पांढुर्ण्याचा विद्यार्थी त्यांना ओळखत असेल तर झटपट गुणाकाराच्या युक्त्यांसाठी ओळखतो. कराचीच्या कोर्टात मोहंमद अलींच्या शेजारी उभे राहिलेले संन्यासी त्याला माहीत नसतात. एका खटल्यातील दोन आरोपी, मृत्यूनंतर एक केवळ मुसलमानांचा झाला व दुसरा केवळ वैदिक परंपरेचा. हयातीत जे सोबत होते ते स्मरणात विभक्त झाले.

एका वाक्यात कोंडलेला माणूस

दुसरी रीत म्हणजे संपूर्ण माणूस एका वाक्यात कोंडणे. मोहंमद अली बोलके होते, कधी कधी बेसुमार बोलके होते. त्यामुळे वाक्ये निवडणाऱ्याला त्यांच्याकडे तोटा नाही.

मराठी वाचकाला सर्वाधिक परिचित असलेले वाक्य १९२४ सालचे आहे. गांधीजींचे चारित्र्य कितीही शुद्ध असले तरी धर्मश्रद्धेच्या दृष्टीने आपण चारित्र्यहीन मुसलमानालाही त्यांच्याहून वरचा मानतो, असा त्याचा आशय. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४० मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेल्या पाकिस्तानविषयक ग्रंथात त्याची नोंद घेतली आणि तेथून ते मराठी लेखनात वारंवार येत राहिले. वाक्य खरे आहे, ते झाकण्याचे कारण नाही, आणि त्यामुळे सार्वजनिक जीवनातील सहकाऱ्यांना धक्का बसला असेल तर तो स्वाभाविक होता. परंतु त्याच वादात मोहंमद अलींनी खुलासाही केला होता. श्रद्धा आणि आचरण या दोन गोष्टी त्यांनी वेगळ्या केल्या, आणि आचरणात आपण गांधीजींना सर्वांच्या वर, अगदी स्वतःच्या आध्यात्मिक गुरूच्याही वर मानतो, असे सांगितले. खुलासा पटो वा न पटो. पण वाक्य उद्धृत करणाऱ्याने खुलासाही वाचकापुढे ठेवला पाहिजे. तसे क्वचित होते. डॉ. आंबेडकरांनी त्या वाक्याचा उपयोग हिंदू-मुस्लिम संबंधांच्या विस्तृत विश्लेषणात केला होता. त्यांच्यानंतरच्या अनेकांनी विश्लेषण सोडून दिले आणि वाक्य तेवढे ठेवले.

अशीच दुसरी कथा डिसेंबर १९२३ च्या काकीनाडा काँग्रेसची. मोहंमद अली अध्यक्ष होते आणि पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांनी 'वंदे मातरम्' गायला सुरुवात केली, तेव्हा अध्यक्षांनी आक्षेप घेतला, असे सांगितले जाते. काही जण आक्षेप संगीताला होता असे सांगतात, काही जण गीताला होता असे सांगतात. या दोन आक्षेपांचा अर्थ अगदी भिन्न आहे. तरी सांगणाऱ्याला कोणता आक्षेप होता याची फिकीर नसते, कारण कथेचे काम माहिती देणे हे नसून माणसावर शिक्का मारणे हे असते. त्याच अधिवेशनातील मोहंमद अलींचे प्रदीर्घ अध्यक्षीय भाषण कोणी वाचत नाही.

उर्दू बाजूलाही हीच रीत आहे, फक्त वाक्ये वेगळी आहेत. नोव्हेंबर १९३० मध्ये लंडनच्या गोलमेज परिषदेत, प्रकृती ढासळलेली असताना, त्यांनी भाषण केले. स्वातंत्र्याचा गाभा हाती घेऊनच आपण मायदेशी परत जाऊ, नाहीतर या परक्या पण स्वतंत्र देशात आपल्याला थडग्यापुरती जागा द्यावी लागेल, असा त्यातला प्रसिद्ध भाग. ४ जानेवारी १९३१ रोजी लंडनमध्येच त्यांचे निधन झाले आणि ते वाक्य भविष्यवाणी ठरले. प्रत्येक जलशात ते म्हटले जाते. त्याच भाषणात ते असेही म्हणाले होते की, आपण दोन सारख्या आकाराच्या वर्तुळांत उभे आहोत, एक हिंदुस्थान आणि दुसरे मुस्लिम जग, आणि दोन्हींपैकी कोणतेही आपण सोडू शकत नाही. शिवाय, 'फोडा आणि झोडा' या नीतीबद्दल केवळ इंग्रजांना दोष देऊन ते थांबले नाहीत. फोडण्याचे काम आम्ही करतो आणि राज्य तुम्ही करता, असे त्यांनी आपल्याच लोकांना सुनावले. थडग्याचे वाक्य सर्वांना पाठ आहे. आपल्यालाच दोषी धरणारे वाक्य फारसे कोणी म्हणत नाही.

कबर, शीर्षक आणि तिकीट

मृत्यूनंतरचा पहिला मोठा निर्णय दफनाचा. जेरुसलेमचे मुफ्ती अमीन अल-हुसैनी यांच्या निमंत्रणावरून २३ जानेवारी १९३१ रोजी त्यांना हरम शरीफच्या पश्चिम बाजूस दफन करण्यात आले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये जेरुसलेमला जागतिक इस्लामी परिषद भरली आणि तिच्या आयोजनात मुफ्तींबरोबर शौकत अलींचा पुढाकार होता. म्हणजे ही कबर केवळ शोकाची जागा नव्हती. पॅलेस्टाईनच्या प्रश्नाकडे मुस्लिम जगाचे लक्ष वेधण्याच्या राजकारणातही तिला स्थान होते. दोन वर्तुळांत उभा असल्याचे सांगणारा माणूस मृत्यूनंतर एकाच वर्तुळात विसावला. हिंदुस्थानात त्यांची कबर नाही, उरूस नाही, समाधी नाही. ज्या देशात नेत्याचे स्मरण बहुधा एखाद्या जागेभोवती चालते, तेथे याचा परिणाम होणारच.

इतिहासाचा विपर्यास पाहा. जून १९३१ मध्ये शरीफ हुसेन यांचे निधन झाले आणि त्यांनाही हरमच्या त्याच बाजूस दफन करण्यात आले. महायुद्धात तुर्की खलिफाविरुद्ध अरब उठाव करणारे ते हेच. खिलाफतीसाठी तुरुंगात गेलेला आणि खिलाफतीविरुद्ध शस्त्र उचललेला, दोघेही एका वर्षात एकाच परिसरात आले. कबरींना ही विसंगती जाणवत नाही. ती समजून घेणे हे इतिहास शिकणाऱ्याचे काम आहे.

दुसरा निर्णय पुस्तकाचा. तुरुंगात असताना मोहंमद अलींनी इंग्रजीत जे लेखन केले ते इस्लामविषयीच्या एका मोठ्या ग्रंथाची प्रस्तावना म्हणून होते. ते अपुरे राहिले. १९४२ मध्ये अफजल इक्बाल यांनी लाहोरहून ते प्रसिद्ध केले तेव्हा त्याला 'माझे जीवन : एक तुकडा' अशा अर्थाचे इंग्रजी शीर्षक मिळाले. धर्मचिंतन म्हणून सुरू झालेले लिखाण आत्मचरित्र झाले. संपादकाने फसवणूक केली असे म्हणता येणार नाही, कारण मजकुरात आत्मकथन भरपूर आहे आणि त्यांच्यामुळेच तो आपल्यापर्यंत पोहोचला. परंतु शीर्षक बदलले की वाचकाची अपेक्षा बदलते. १९९९ मध्ये मुशीरुल हसन यांनी त्याची नवी आवृत्ती संपादित केली, ती या दृष्टीने तौलनिक वाचनास उपयुक्त आहे.

त्याआधी १९३६ मध्ये जवाहरलाल नेहरूंचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले होते. मोहंमद अली काँग्रेसचे अध्यक्ष असताना नेहरू सरचिटणीस होते. ठरावांत ईश्वराचा उल्लेख घालण्याची मौलानांची सवय आणि त्यावर दोघांचे होणारे वाद यांचे जिव्हाळ्याचे चित्र त्यात आहे. स्नेहाने रंगविलेले हे चित्र पुढे धर्मनिरपेक्ष इतिहासलेखनात प्रमाण ठरले : उमदा, भावनाप्रधान, पण धर्माने वाट चुकलेला. उर्दूत रईस अहमद जाफरी आणि अब्दुल माजिद दरियाबादी यांनी जवळच्या माणसाच्या नजरेतून लिहिले. दरियाबादींच्या डायरीतला मौलाना रागावतो, थकतो, कर्जात असतो, मुलींच्या आजारपणाने व्याकूळ होतो. स्मरणसभांत दरियाबादींचे नाव घेतले जाते, पण त्यांचा हा मौलाना सभेत येत नाही. करबलाविषयीचा त्यांचा एक शेर मुहर्रमच्या मजलिसींत सर्रास म्हटला जातो; शायर कोण, हे मात्र म्हणणाऱ्यांपैकी अनेकांना ठाऊक नसते.

फाळणीनंतर दोन्ही देशांनी त्यांच्यावर हक्क सांगितला. पाकिस्तानात ते पाकिस्तान चळवळीच्या पूर्वसूरींत गणले जातात. वास्तविक लाहोर ठरावाच्या नऊ वर्षे आधी ते वारले होते. भारतात १९७८ मध्ये त्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त टपाल तिकीट निघाले, आणि ज्या जामियाचे ते पहिले कुलगुरू होते तेथे त्यांच्या नावाची अकादमी आहे. २००६ मध्ये रामपूरला त्यांच्या नावाचे विद्यापीठ स्थापन झाले. पुढे ते नाव वर्तमानपत्रांत आले ते बहुधा त्या विद्यापीठाच्या जमिनीच्या वादामुळे. नाव टिकले, आशय बाजूला पडला.

आपली स्वतःची गाळणी

इतरांनी काय गाळले हे सांगणे सोपे आहे. आपण काय गाळतो हेही पाहिले पाहिजे.

३ मार्च १९२४ रोजी तुर्कस्तानच्या सभागृहानेच खिलाफत रद्द केली. ज्या संस्थेसाठी हिंदी मुसलमानांनी नोकऱ्या सोडल्या, शाळा सोडल्या, ती ज्यांच्या हाती होती त्यांनाच नको होती. त्यानंतर मोहंमद अलींनी इब्न सऊदला पाठिंबा दिला आणि त्यापायी आपले गुरू मौलाना अब्दुल बारी यांच्याशी दुरावा पत्करला. १९२६ मध्ये मक्केच्या परिषदेला गेल्यावर त्यांचा भ्रमनिरास झाला व ते विरोधक होऊन परतले. १९२८ मध्ये नेहरू अहवालावरून ते काँग्रेसपासून तुटले. १९३० च्या सविनय कायदेभंगापासून मुसलमानांनी दूर राहावे, असे त्यांनी सांगितले. केवळ दहा वर्षांपूर्वी ज्या गांधीजींबरोबर त्यांनी देश पालथा घातला, त्यांच्याच चळवळीबद्दल हा सल्ला होता.

हे सर्व आपल्या भाषणांत येत नाही. आपण छिंदवाड्यावरून कराचीला जातो आणि कराचीवरून थेट लंडनच्या मृत्युशय्येवर पोहोचतो. मधली सात-आठ वर्षे, म्हणजे चुका, भांडणे, पश्चात्ताप आणि दिशा बदलण्याची वर्षे, वगळली जातात. याचा तोटा विद्यार्थ्याचा होतो. महाविद्यालयाबाहेर कोणी त्याला १९२४ चे वाक्य किंवा १९३० चा सल्ला ऐकविला, तर त्याच्याकडे उत्तर नसते. तो एकतर चिडतो किंवा शरमेने गप्प बसतो. आपण त्याला निर्दोष पुतळा दिलेला असतो, आणि निर्दोष पुतळ्याला पहिला तडा गेला की तो संपूर्ण कोसळतो. ज्याला माणूस दिलेला असतो तो म्हणू शकतो, 'होय, हे त्यांनी म्हटले, येथे ते चुकले, आणि तरीही हे हे त्यांनी केले.' आत्मसन्मान आणि प्रामाणिकपणा यांत निवड करण्याची वेळ विद्यार्थ्यावर येऊ नये, ही जबाबदारी शिकविणाऱ्याची आहे.

आपल्या भागातील संदर्भ

पांढुर्णा-सौंसर भागाला मरणोत्तर प्रतिमेचे सामर्थ्य नवीन नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये सौंसरच्या मोहगाव तिराह्यावरील छत्रपती शिवाजी महाराजांचा पुतळा प्रशासनाने यंत्र लावून हटविला, तेव्हा नागपूर-छिंदवाडा रस्त्यावर लोक उतरले आणि विषय दोन राज्यांच्या राजकारणात गेला. २०२१ मध्ये छिंदवाडा विद्यापीठाला राजा शंकर शाह यांचे नाव मिळाले. १८५७ च्या सप्टेंबरात जबलपूरला तोफेच्या तोंडी दिले गेलेले हे गोंड राजे. आता येथील पदवीधराच्या प्रमाणपत्रावर त्यांचे नाव असते. पुतळा आणि नामकरण यांतून समाज आपल्याला कोणाचे वारस म्हणवून घ्यायचे ते ठरवितो, आणि त्यात गैर काही नाही. महात्मा फुल्यांनी १८६९ मध्ये शिवरायांवर पोवाडा लिहिला, लोकमान्य टिळकांनी १८९० च्या दशकात उत्सवाला चालना दिली, आणि लाला लजपतराय यांनी १८९६ मध्ये शिवाजी महाराजांचे चरित्र चक्क उर्दूत लिहिले. तिघांचे शिवाजी महाराज एकसारखे नाहीत. प्रत्येक पिढी आपल्या गरजेनुसार थोरांची मूर्ती घडविते.

मोहंमद अलींच्या बाबतीत अडचण अशी की, त्यांचे छिंदवाड्याचे दिवस या भागाच्या सामाईक स्मृतीत आलेच नाहीत. ६ जानेवारी १९२१ रोजी गांधीजी छिंदवाड्यात आले, ती आठवण शहराने गांधीगंज या नावाने जपली. त्याआधी साडेतीन वर्षे येथे राहिलेल्या कैद्यांची आठवण मात्र एका समाजापुरती उरली. ती पुन्हा सर्वांची व्हावी असे वाटत असेल तर नव्या पुतळ्याची मागणी करण्यापूर्वी वर्गातले काम करावे लागेल.

अध्यापकांसाठी काही सूचना

पहिली सूचना, गोलमेज परिषदेतील भाषण संपूर्ण वाचून घ्यावे. निवडक वाक्ये फळ्यावर लिहू नयेत. कोणत्या वाक्याला कोणी उचलले आणि कोणत्या वाक्याला कोणीच हात लावला नाही, याची नोंद विद्यार्थ्यांनीच करावी.

दुसरी, कराची खटल्यातील सातही आरोपींची नावे द्यावीत आणि प्रत्येकाचे पुढे काय झाले हे शोधायला सांगावे. मदनी पुढे फाळणीच्या विरोधात ठाम उभे राहिले, किचलू कम्युनिस्ट विचारांकडे झुकले, शंकराचार्य गणिताकडे वळले. एका पिंजऱ्यातून किती वाटा फुटल्या हे कळले की 'खिलाफतवाले' नावाचा एकसंध गट कधी नव्हता हे आपोआप समजेल.

तिसरी, मराठी, हिंदी आणि उर्दू या तिन्ही भाषांतील एकेक परिच्छेद शेजारी शेजारी ठेवावा. आपल्या भागातील विद्यार्थ्याला या तिन्ही भाषा थोड्याफार कळतात. पुण्याच्या किंवा लखनौच्या विद्यार्थ्याला सहसा नसलेली ही सोय आहे. तिचा उपयोग आपण केला नाही तर दोष आपला.

चौथी, छिंदवाड्याच्या नजरबंदीविषयी वडीलधाऱ्यांकडून ऐकलेल्या गोष्टी लिहून घ्याव्यात, पण त्या छापील साधनांशी ताडून पाहाव्यात. जेथे मेळ बसणार नाही तेथे गोष्ट खोटी ठरवून फेकू नये. लोकांना ती तशी का आठवावीशी वाटली, हाही इतिहासाचाच प्रश्न आहे.

समारोप

मोहंमद अलींच्या प्रतिमेवर तीन भाषांनी, दोन देशांनी आणि अनेक पक्षांनी काम केले. कोणी सोबती कापले, कोणी वाक्य निवडले, कोणी शीर्षक बदलले, कोणी मधली वर्षे गाळली. यांतील काही कामे द्वेषातून झाली, पण बरीचशी प्रेमातून झाली, आणि प्रेमातून झालेली काटछाट ओळखणे अधिक अवघड असते. मरहूमांचा आदर राखणे हे आपल्या संस्कृतीत कर्तव्य मानले जाते. त्या आदरात त्यांचे संपूर्ण म्हणणे ऐकून घेणेही येते, मग ते आपल्या सोयीचे असो वा नसो. छिंदवाड्याच्या कैद्याने सहीपूर्वी एक पुस्ती जोडण्याचा आग्रह धरला होता. त्यांच्याविषयी लिहिताना व शिकविताना आपणही तेवढी काळजी घ्यावी, इतकीच अपेक्षा.